यंत्राची जुळणी आणि इतिहासाची जुळणी

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें दप्तरें, बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि नाणीं उभीं राहतात. राजवाड्यांनीं 1898 सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढें एकामागून एक असे 22 खंड लोकांपुढें आले. तेव्हांपासून अस्सल कागदावांचून इतिहास नाहीं, ही शिस्त महाराष्ट्रांतील सुशिक्षितांच्या अंगीं बाणली. ती शिस्त मोलाची आहे. परंतु मनुष्यानें आपलें चरित्र केवळ कागदावरच लिहिलें आहे असें नाहीं. लोखंड, पितळ आणि लांकूड यांवरहि त्यानें पुष्कळ लिहून ठेविलें आहे. हें दुसरें लिखाण वाचण्याची रीत मात्र निराळी. तें आधीं सुटें करावें लागतें, त्यावरील मळ धुवावा लागतो, आणि मग तें होतें तसें पुन्हां जुळवावें लागतें. सुटें करणें कोणासहि साधतें. वाचकाची खरी परीक्षा जुळणींत होते.

ही गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून आज आम्ही एक अगदीं घरगुती यंत्र उदाहरणास घेणार आहों. अमेरिकेंत बंगल्याभोंवतालचें गवत कापण्यास, भाजीचे वाफे नांगरण्यास आणि हिंवाळ्यांत दारापुढील बर्फ सारण्यास एक लहानसा ट्रॅक्टर वापरतात. त्याला तेथें बागेचा ट्रॅक्टर म्हणतात. त्याच्या मागील दोन चाकांच्या मध्यें आंसावर धातूची एक पेटी असते आणि तिच्या पोटांत एक चक्ररचना असते. तिचें नांव डिफरन्शियल. आपल्याकडील मोटारी दुरुस्त करणारे कारागीर हाच शब्द सर्रास वापरतात. तेव्हां त्याला संस्कृताचा नवा पोशाख चढविण्याची गरज आम्हांस वाटत नाहीं.

ही रचना कशासाठीं लागते तें थोड्या हिशेबानें समजेल. समजा, ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांत 2½ फूट अंतर आहे आणि प्रत्येक चाकाचा व्यास 2 फूट आहे. फुलांच्या गोल ताटव्याभोंवतीं तो एक पूर्ण फेरा घेतो. आंतलें चाक मध्यापासून 5 फुटांवरून जात असेल तर बाहेरचें 7½ फुटांवरून जाईल. आंतल्या चाकाची वाट सुमारें 31 फूट 5 इंच भरते, बाहेरच्याची 47 फुटांहून किंचित् अधिक. म्हणजे एका फेऱ्यांत आंतलें चाक 5 वेळां फिरलें पाहिजे आणि बाहेरचें 7½ वेळां. दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर ठोकून बसविलीं असतील तर हें घडणें शक्य नाहीं. मधल्या 15 फूट 8 इंचांची तूट कोणत्या तरी चाकाला घसरूनच भरावी लागेल. मग गवत उपटतें, रबर झिजतें आणि आंसाला पीळ बसतो. एकाच चाकाला जोर देऊन दुसरें मोकळें सोडलें तर ही अडचण टळते. पण मग यंत्र सारखें एका अंगाला ओढतें.

डिफरन्शियल या पेंचांतून असा मार्ग काढतें. आंस मध्यें तोडून त्याचे दोन तुकडे केलेले असतात व प्रत्येक तुकड्याच्या आंतल्या टोंकाला एकेक दंतचक्र असतें. इंजिनाकडून येणारी गति या आंसांना थेट मिळतच नाहीं. ती त्यांच्याभोंवतींच्या एका चौकटीला मिळते. चौकटींत आडव्या दांडीवर दोन लहान चक्रें मोकळीं बसविलेलीं असतात व त्यांचे दांते दोन्ही आंसांच्या चक्रांत अडकलेले असतात. सरळ वाटेवर हीं लहान चक्रें स्वतःभोंवतीं फिरतच नाहींत. चौकटीबरोबर वाहून नेलीं जातात आणि दोन्ही आंसांना सारखेंच ओढून नेतात. वळणावर आंतलें चाक मंदावलें कीं तीं त्याच्या दांत्यांवरून फिरूं लागतात, आणि एका बाजूची जितकी गति उणी होते तितकीच दुसऱ्या बाजूस अधिक पडते. आमच्या उदाहरणांत चौकट 6¼ वेळां फिरेल. तिची दुप्पट 12½. आणि 5 व 7½ यांची बेरीजहि 12½. ही बेरीज कधीं चुकत नाहीं. जोर मात्र दोन्ही चाकांस सारखाच मिळतो, आणि या रचनेचा दोषहि त्यांतच आहे. एक चाक चिखलांत रुतून भिरभिरूं लागलें म्हणजे त्याला फिरण्यास जितका थोडा जोर लागतो तितकाच कोरड्या जमिनीवरील चाकालाहि मिळतो, आणि ट्रॅक्टर जागचा हालत नाहीं.

पंधरा-वीस वर्षें राबलेल्या यंत्राची ही पेटी उघडली म्हणजे मूळचें ग्रीस काळें पडून डांबरासारखें घट्ट झालेलें आढळतें. त्यांत झिजलेल्या धातूची बारीक भुकटी चकाकत असते. पाणी शिरलें असेल तर गाळ दुधाळ झालेला असतो. हें सारें रॉकेलनें धुवून काढलें कीं मेजावर सुट्या भागांची एक रांग उभी राहते, आणि मग खरें काम सुरू होतें. जाणता कारागीर चौकट सुटी करतांनाच तिच्या दोन अर्धांवर समोरासमोर खूण करून ठेवितो. कारण ते अर्ध पुष्कळदां जोडीनें कांतलेले असतात, आणि खूण चुकली तर भोकें जुळूनहि चौकट नीट बसत नाहीं. चक्रांच्या मागें पातळ वॉशर असतात. ते दिसण्यांत सारखे, पण त्यांच्या जाडींत कागदाइतका फरक असूं शकतो. आणि तेवढ्यानें दांते एकमेकांत फार खोल रुततात किंवा अर्धवट लागतात. म्हणून तो ते ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें मांडतो. दांत्याला दांता भिडतो तेथें किंचित् मोकळीक लागते. ती मुळींच नसली तर चक्रें तापतात व खरडतात. फार झाली तर प्रत्येक धक्क्यास दांत्यावर घाव बसतो. मोठ्या यंत्रांत दांते बरोबर भिडतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांवर निळा रंग लावून चक्र फिरवितात, आणि रंग कोठें पुसला गेला तें न्याहाळतात. मग नवें ग्रीस भरून पेटी मिटावयाची व बोल्ट आवळावयाचे. तेहि एका अंगानें ओळीनें नव्हे, तर समोरासमोरचे थोडे थोडे, म्हणजे दाब सर्वत्र सारखा बसतो.

शेवटची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून यंत्र गिअरमध्यें ठेवावयाचें, मागचीं दोन्ही चाकें जमिनीवरून उचलावयाचीं, आणि एक चाक हातानें पुढें फिरवावयाचें. जुळणी बरोबर असेल तर दुसरें चाक तितक्याच वेगानें मागें फिरतें. चौकट स्थिर, म्हणून तिची दुप्पट शून्य. अर्थात् दोन चाकांची बेरीजहि शून्य.

या सगळ्या खटाटोपांत कारागीर तीन नियम पाळीत असतो. मेजावर एकहि भाग उरतां कामा नये. बाहेरचा एकहि भाग आंत घुसडतां कामा नये. आणि जुळलेलें यंत्र फिरलें पाहिजे. हे तिन्ही नियम इतिहासकारासहि लागू आहेत. त्यांतला तिसरा मात्र त्याला फसवूं शकतो. तो कसा, हें याच डिफरन्शियलचा इतिहास जुळवूं जातां चांगलें कळून येतें.

डिफरन्शियल कोणीं शोधून काढलें, असें विचारलें असतां पुष्कळ इंग्रजी पुस्तकें जेम्स स्टार्ली यांचें नांव घेतात. कॉव्हेंट्री येथील हे गृहस्थ पूर्वीं शिवणयंत्रें तयार करीत. पुढें ते सायकलींच्या धंद्यांत शिरले. शेजारीं शेजारीं बसून दोघांनीं चालवावयाची एक सायकल त्यांनीं तयार केली. त्यांचा मुलगा अधिक जोरानें पायटे मारी, त्यामुळें गाडी सारखी एका अंगाला वळे. अशाच एका अपघातानंतर स्टार्लींना डिफरन्शियलची युक्ति सुचली, अशी कथा सांगतात. 1877 सालीं त्यांनीं तिचें पेटंट घेतलें. पुढें व्हिक्टोरिया राणीनें त्यांच्या गाड्या मागविल्या आणि त्या गाडीच्या नांवामागें 'रॉयल' हें बिरुद लागलें. कार्ल बेंझ यांच्या ज्या तीनचाकी मोटारीला 29 जानेवारी 1886 चें पेटंट आहे, तिच्यांतहि डिफरन्शियल होतें. सायकलीवरून मोटारींत, मोटारींतून ट्रॅक्टरांत, असा हा प्रवास सुटसुटीत दिसतो.

पण ही जुळणी पुरी केली असें समजून मेजाकडे पाहावें, तों कांहीं भाग उरलेलेच दिसतात. मँचेस्टरचे नामांकित यंत्रकार रिचर्ड रॉबर्ट्स यांनीं 1832 सालीं रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या गाडीसाठीं अशाच रचनेचें पेटंट घेतलें होतें. त्यांच्याहि चार-पांच वर्षें आधीं पॅरिसमध्यें ओनेसिफोर पेक्योर यांनीं वाफेच्या गाडीकरितां तीच योजना नोंदविली होती. हे पेक्योर मूळचे घड्याळजी, आणि पॅरिसमधील कला व उद्योग यांच्या सरकारी संस्थेशीं संबंध असलेले. घड्याळजीला गाडीच्या आंसाची ही युक्ति कशी सुचावी? या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेलें असतां आणखी एक शतक मागें जावें लागतें.

सूर्य आणि घड्याळ यांचें वर्षभर नीट जमत नाहीं. घड्याळाचे चोवीस तास सारखे. पण सूर्य एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत घेतो तो वेळ रोज किंचित् कमी-अधिक असतो. हा फरक सांचत सांचत नोव्हेंबरच्या आरंभीं सूर्य घड्याळाच्या सुमारें 16 मिनिटें पुढें जातो, आणि फेब्रुवारीच्या मध्यास सुमारें 14 मिनिटें मागें पडतो. ज्या काळीं घड्याळें सूर्यछायेवरून लावीत त्या काळीं हा फरक माहीत असणें जरूर होतें, म्हणून खरा सौर काळहि दाखविणारीं घड्याळें निघालीं. लंडनचे जोसेफ विल्यमसन यांनीं 1720 च्या सुमारास अशा कामीं डिफरन्शियल योजिलें. तेथें एका बाजूनें घड्याळाची सम गति येते, दुसऱ्या बाजूनें वर्षभराची सूक्ष्म वधघट येते, आणि दोहोंची बेरीज कांट्यावर उमटते. गाडींत एका गतीचे दोन वांटे होतात. घड्याळांत दोन गति मिळून एक होते. यंत्र तेंच, फक्त उलट दिशेनें वापरलेलें.

म्हणजे ज्या पेटींतलें काळें ग्रीस आज बागेच्या कडेला बसून कोणी खरवडीत असेल, तिचे पूर्वज दिवाणखान्यांतल्या घड्याळांत सूर्याचा हिशेब करीत होते. यावरून स्टार्ली यांचें श्रेय शून्य ठरतें काय? आमच्या मतें नाहीं. पेक्योर यांनीं जें कागदावर आणलें त्याचा तत्काळ फैलाव झाला नाहीं, कारण तशा गाड्याच त्या वेळीं फारशा रस्त्यावर नव्हत्या. सायकल हजारों लोकांच्या पायांखालीं आली तेव्हांच या रचनेची गरज सार्वत्रिक झाली. शोध पुष्कळदां एकाचा नसतोच. एकाला युक्ति सुचते, दुसऱ्याला तिची जागा सांपडते, आणि तिसरा ती स्वस्तांत घडवितो. इतिहासकाराचें काम एवढेंच कीं, प्रत्येक भाग त्याच्या जागीं बसवावा आणि कोणाचाहि भाग मेजावर विसरूं नये.

बागेच्या ट्रॅक्टरची गोष्टहि असाच धडा देते. आज आपण त्याची पेटी उघडून आंत डिफरन्शियल पाहतों, म्हणून तें प्रथमपासूनच तेथें असलें पाहिजे असें समजणें सोपें आहे. पण वेस्ट व्हर्जिनियांतील डनबार येथील बेंजामिन ग्रेव्हली यांनीं 1916 सालीं ज्या यंत्र-नांगराचें पेटंट घेतलें, त्या वंशाच्या आरंभींच्या यंत्राला हांकणारें चाक एकच होतें आणि माणूस त्याच्या मागून चालत असे. एकट्या चाकाला वळणावर कोणाशींच तडजोड करावी लागत नाहीं. म्हणून तेथें डिफरन्शियलचें कारणच नव्हतें. माणूस यंत्रावर बसूं लागला आणि मागें दोन चाकें आलीं तेव्हां ही पेटी आवश्यक झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 सालीं, इंडियानांतील साउथ बेंड येथें पाँड पितापुत्रांनीं हा धंदा सुरू केला, आणि त्यांचे 'व्हील हॉर्स' ट्रॅक्टर प्रसिद्धीस आले. 1961 मध्यें इंटरनॅशनल हार्व्हेस्टरचा 'कब कॅडेट' निघाला. 1963 मध्यें जॉन डियर कंपनीचा 110 क्रमांकाचा ट्रॅक्टर आला. शेवटचें रूप पाहून पहिलें रूप कल्पिणें, हा इतिहासलेखनांतील फार जुना मोह आहे.

तो मोह किती थोर माणसांस पडतो याचीं दोन उदाहरणें डिफरन्शियलच्याच इतिहासांत आहेत. पहिलें चीनचें. तेथील जुन्या ग्रंथांत दक्षिण दाखविणाऱ्या रथाचें वर्णन येतें. रथावर एक लांकडी पुतळा हात पुढें करून उभा. रथ कोणीकडेहि वळला तरी पुतळ्याचा हात दक्षिणेकडेच. लोहचुंबक नाहीं, सारी करामत चक्रांची. दंतकथा हा रथ पीत सम्राटापर्यंत मागें नेते. इतिहास तिसऱ्या शतकांतील मा च्युन या कुशल यंत्रकाराचें नांव घेतो. सुंग राजवंशाच्या इतिहासांत 1027 व 1107 या सालीं केलेल्या अशा रथांचें वर्णन चक्रांच्या दांत्यांच्या संख्येसह दिलें आहे. मूळ रथ मात्र एकहि उरलेला नाहीं. 1924 सालीं मूल या इंग्रज पंडितानें तें वर्णन तपासून रथ जुळविला तो डिफरन्शियलवांचून. वळणावर एका अंगाचीं चक्रें अडकावीं व दुसऱ्या अंगाचीं सुटावीं अशी ती रचना होती. 1947 सालीं जॉर्ज लँचेस्टर यांनीं डिफरन्शियल घालून रथाची दुसरी जुळणी मांडली. ती अधिक सुबक होती, आणि ती फिरत होती.

हे लँचेस्टर कोण? इंग्लंडमधील एका नामांकित मोटार घराण्यांतील यंत्रशास्त्रज्ञ. मोटारी घडविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांना हरवलेल्या रथाच्या पोटांत मोटारीचा आंस दिसला, यांत नवल तें काय? त्यांची कल्पना अशक्य नाहीं. पण रथ फिरला एवढ्यानें तो तसाच होता हें सिद्ध होत नाहीं. तसा असूं शकला असता इतकेंच सिद्ध होतें. शिवाय हिशेब केला तर आणखी एक अडचण दिसते. रथाच्या दोन चाकांत 10 फूट अंतर आहे आणि एक चाक दुसऱ्याहून शेंकडा एक इतकें लहान आहे असें धरा. रथ अगदीं सरळ रेषेंत 3,142 फूट, म्हणजे सुमारें अर्धा मैल व एक फर्लांग गेला, कीं पुतळ्याचा हात दक्षिणेऐवजीं उत्तर दाखवूं लागेल. लांबच्या प्रवासांत असा रथ दिशा राखूं शकणार नाहीं, मग त्याची रचना कोणतीहि असो. राजाच्या मिरवणुकींत तो शोभला असेल. रानावनांत सैन्याला त्यानें वाट दाखविली, ही कथा मात्र हिशेबाला उतरत नाहीं.

दुसरें उदाहरण ग्रीसचें, आणि तें अधिक बोधप्रद आहे. 1900 सालीं अँटिकिथेरा बेटाजवळ समुद्रांतून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक बुडालेलें प्राचीन जहाज सांपडलें. त्यांतून निघालेल्या वस्तूंत गंजलेल्या काशाचे गोळे होते. 1902 सालीं त्यांपैकीं एकावर दंतचक्र दिसलें. येल विद्यापीठांतील डेरेक डी सोला प्राइस यांनीं त्याचा वर्षानुवर्षें पिच्छा पुरविला. ग्रीक शास्त्रज्ञ कराकालोस यांच्याकडून क्ष-किरणांचीं छायाचित्रें काढवून, आंत दडलेलीं चक्रें मोजून, 1974 सालीं त्यांनीं आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला. सूर्य, चंद्र व ग्रहणें यांचा हिशेब करणारें हें ख्रिस्तपूर्व काळाचें यंत्र आहे, हें त्यांचें प्रतिपादन टिकलें. पण त्या जुळणीच्या मध्यभागीं त्यांनीं एक डिफरन्शियल बसविलें होतें: चंद्राच्या गतींतून सूर्याची गति वजा करून चांद्रमास काढणारें. तें बसावें म्हणून मोजलेल्या कांहीं दांत्यांच्या आंकड्यांत त्यांना थोडी फिरवाफिरवहि करावी लागली. जगभर बातमी पसरली कीं, डिफरन्शियल दोन हजार वर्षांचें जुनें आहे.

पुढें लंडनचे मायकेल राइट यांनीं तेच तुकडे पुन्हां तपासले. 2005 सालीं नव्या तऱ्हेचें अवजड क्ष-किरण यंत्र अथेन्सच्या संग्रहालयांत नेऊन 82 तुकड्यांची आंतून पाहणी झाली, आणि 2006 सालीं टोनी फ्रीथ व त्यांचे सहकारी यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्राइस यांनीं ज्या जागीं डिफरन्शियल मानलें होतें तेथें तें नव्हतें. तेथें होती खुंटी आणि खांच यांची एक फार नाजूक रचना. चंद्र आकाशांत कधीं किंचित् जलद तर कधीं किंचित् मंद चालतो. एका चक्रावरील खुंटी दुसऱ्या चक्राच्या खांचेंत सरकत राहून तीच वधघट कांट्यावर आणीत असे. सूर्य-चंद्रांच्या गतींची वजाबाकी यंत्रांत होतच नव्हती असें मात्र नाहीं; चंद्रकलेचा अर्धा काळा, अर्धा पांढरा गोळा फिरविण्यासाठीं ती समोरच्या कांट्यांवर एका लहानशा चक्रानें साधली होती, असें राइट यांनीं दाखविलें. वजाबाकी होती, पण ती दुसऱ्या ठिकाणीं आणि साध्या उपायानें केलेली.

येथें दोन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. प्राइस यांची जुळणीहि फिरत होती. तरी ती खरी नव्हती, कारण तिच्यांत बाहेरची कल्पना शिरली होती आणि दांते त्या कल्पनेला वळवून घेतले होते. आणि जेव्हां ती कल्पना निघाली तेव्हां ग्रीक कारागिराची कीर्ति उणी झाली नाहीं, ती वाढली. आपण त्याला जें द्यावयास निघालों होतों त्याहून सूक्ष्म असें कांहीं त्याच्या हातचें निघालें. पूर्वजांच्या अंगावर आपले दागिने घालण्याच्या घाईंत त्यांचे स्वतःचे दागिने झांकले जातात.

हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण हा मोह आपल्याहि घरचा आहे. धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या अकराव्या शतकांतील 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथांत यंत्रविधान नांवाचा एक अध्याय आहे. त्यांत नाना यंत्रांचीं नांवें व गुण सांगितले आहेत. पण त्यांची घडण पूर्णपणें सांगितलेली नाहीं, आणि तें अज्ञानामुळें नसून गुप्ततेसाठीं आहे असा खुलासाहि ग्रंथकार करतो. भाग सांगितले, जुळणी सांगितली नाहीं, अशी ही स्थिति आहे. अशा वेळीं वाचकाची लेखणी सैल सुटते आणि रिकाम्या जागीं आजचीं विमानें सहज जाऊन बसतात. 'वैमानिक शास्त्र' म्हणून जो ग्रंथ पुढें आला त्याची परीक्षा बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील विद्वानांनीं 1974 सालीं केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकांतील आहे, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडणें शक्य नाहीं, असा त्यांचा निर्णय आहे. तथापि कौटुंबिक बैठकींत हा विषय निघाला म्हणजे त्या निर्णयाचें नांव काढणाऱ्याकडे अजूनहि देशाभिमान नसलेला मनुष्य म्हणून पाहिलें जातें. ही गोष्ट दुःखाची आहे. भोजाच्या ग्रंथांत खरोखर काय आहे, त्या काळच्या कारागिरांना पाणी, पारा, दोऱ्या आणि चक्रें यांपासून काय साधत होतें, हें शोधण्याचें काम त्या गोंगाटांत मागें पडतें. ज्याला आपले पूर्वज प्रिय आहेत त्यानें त्यांच्या मेजावरचे भाग मोजून पाहावे. त्यांच्या पेटींत आपले भाग भरूं नयेत.

यंत्र जुळविणारा आणि इतिहास जुळविणारा यांत भेद आहे, तो येथें. पहिल्याला त्याचें यंत्र स्वतःच सुधारतें. वॉशर चुकला तर चक्र खरडतें. लहान चक्र उलटें बसलें तर पेटी मिटतच नाहीं. आणि सारें जमलें कीं एक चाक पुढें फिरवितांच दुसरें मागें फिरून साक्ष देतें. इतिहासकाराच्या समोर असा साक्षीदार नसतो. त्याचे पुष्कळ भाग काळानें गिळलेले असतात. पेटी मिटली न मिटली हें ठरविणारा तो एकटाच. आणि त्याची चुकीची जुळणीहि कांहीं काळ सुरेख फिरते. म्हणून कारागिराला जी सावधगिरी यंत्र शिकवितें ती इतिहासकाराला स्वतःच्या मनाला शिकवावी लागते.

पुराणवस्तूंच्या संग्रहालयांत फुटलेलें मडकें जोडतांना एक चांगली रीत पाळतात. मिळालेलीं खापरें त्यांच्या जागीं बसवितात, आणि जेथें खापर मिळालें नाहीं तेथें साध्या, वेगळ्या रंगाचें प्लॅस्टर भरतात. मडकें पुरें दिसतें, त्याचा घाट कळतो. पण जुनें किती व आपलें किती, हें लहान मुलालाहि दिसतें. आपल्या घरांत वाचल्या जाणाऱ्या इतिहासाच्या पुस्तकांतून, शाळेंतल्या धड्यांतून आणि व्यासपीठांवरच्या भाषणांतून हा वेगळा रंग दिसूं लागला पाहिजे. अनुमान करावें, त्यावांचून मडकें उभें राहत नाहीं. पण अनुमानाचा रंग खापराच्या रंगांत मिसळूं देऊं नये, आणि पुढें कोणाला हरवलेलें खापर सांपडलें तर आपलें प्लॅस्टर खरवडून काढण्यास त्याला मोकळीक ठेवावी.